पदराला लावलेला चिमटा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याच्या तागडीखाली मी वाकून बघते. दूध बोटावर घेऊन बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं की ह्याचं आपल्याकडं काय काम असेल, हा विचार त्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी माझ्या मनात येतो. आणि आमचे हे माझ्याहून एक पायरी वर. लोक म्हणायचे, देवानं जोडा बरा जुळवला. मीही हसायचे.

नव्वदच्या पुढची गोष्ट आहे. आम्ही पिंपरी पेंढारला राहायचो. ह्यांचं आळेफाट्याला मोटारी भरून, म्हणजे आतली जळलेली तार बदलून, द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलला बांधून ह्यांच्याकडं आणायचे. आठवडाभर तांब्याच्या तारांत मान घालून बसणारा हा माणूस रविवारी सकाळी गायब व्हायला लागला. विचारलं तर म्हणायचे, "काम हाये." रविवारचं कसलं काम? मला वाटायचं तेच वाटलं. मी सदरा हुंगून पाहिला, तर त्याला एरंडेल तेलाचा वास. एरंडेल पिऊन कुणी बाईकडं जात नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून जरा धीर आला.

निघालं ते विमान. जवळच्या आणे गावच्या पठारावर विमानदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी क्लब काढला होता. सगळे त्यांना काका म्हणायचे. हलक्या लाकडाची हातभर पंखांची विमानं, पुढं चिमुकलं इंजिन, त्याच्या इंधनात एरंडेल. जमिनीवर उभं राहून हातातल्या सेटवरून ती उडवायची. सेट म्हणजे पाटीएवढी पेटी, वर दोन दांड्या आणि ओढली की लांब होणारी एरियल, पूर्वीच्या रेडिओला असायची तशी. हे गोल कोलांट्या मारायला शिकले, उलटं उडवायला शिकले. गावात लोक म्हणायचे, "पोरं लग्नाला आली आन् बाप इमान उडावतोय." हे ऐकून घ्यायचे आणि रविवारी पुन्हा जायचे.

ह्यांना हा नाद लावला माझ्या धाकट्या भावानं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ. भावाचं मंचरला विजेच्या सामानाचं दुकान. दाजी-मेहुण्यांचं असं गूळपीठ होतं की मलाच कधी कधी आपण उपऱ्या आहोत असं वाटायचं. दोघांनी पुण्याला जाऊन एकदमच सेट आणले, अगदी सारखे. तिथंच घोटाळा झाला. प्रत्येक सेटला एक नंबर असतो, आणि ह्या दोघांचा नंबर एकच आला. एका नंबरचे दोन सेट एकाच वेळी चालू झाले की विमानाला कुणाचं ऐकावं ते कळत नाही आणि ते खाली येतं. दोन सासवांच्या हाताखालची सून जशी.

म्हणून क्लबात चिमट्याची रीत होती. एका फळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले, प्रत्येकावर रंगानं नंबर घातलेला. आपल्या नंबराचा चिमटा काढून एरियलला लावायचा, मगच सेट चालू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर आपला सेट पिशवीत ठेवून गप बसायचं. कुलूप नाही, किल्ली नाही, सगळा कारभार भरवशावर. मी पहिल्यांदा ती फळी पाहिली तेव्हाच म्हणाले होते, "आन् एखाद्यानं चिमटा न घेताच चालू केला तर?" काका हसले होते. म्हणाले, "असं कुणी करत नाही, ताई."

क्लबाची कसरतीची स्पर्धा दसरा झाल्यावरच्या शनिवार-रविवारी असायची. पाऊस सरलेला, पठारावर वारा अजून शहाणा, गवत पिवळं पडायला लागलेलं. एका वर्षी ह्यांचं विमान शनिवारी पहिलं आलं. रविवारी उंच गेलं, लांब गेलं, उलटं झालं आणि उलटंच राहिलं. हे दांड्या ओढतायत, विमान ऐकत नाही. सरळ खाली येऊन दगडावर फुटलं. स्पर्धा भावानं जिंकली.

बघायला आलेले लोक म्हणाले, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या छत्र्यांनी ओढलं. आमच्या भागात काहीही बिघडलं की त्या दुर्बिणीच्या छत्र्यांवर जातं, टीव्हीला मुंग्या आल्या तरी आणि कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या तरी. काकांनी समजावलं, "त्या छत्र्या फक्त ऐकतात हो, बोलत नाहीत." ह्यांनी ते ऐकलं आणि बोलणाऱ्याचा शोध सुरू केला. सेट पुण्याच्या दुकानात नेला. दुकानदारानं उघडला, पुसला, स्वच्छ केला, तपासला आणि म्हणाला, सेटमध्ये काहीच दोष नाही. झालं! सेटमध्ये दोष नाही म्हणजे दोष माणसात. नंबर एकच, जिंकला तोच. दोन आणि दोन चार.

"त्यानं चालू क्येला," हे मला म्हणाले. "पिशवीत हात घालून नुसतं बटन दाबायचं. कोन बघतंय?"

भावाला हे कळलं. तो आला, उभ्या उभ्या बोलला, "दाजी, आईची शपथ, म्या न्हाई." ह्यांनी त्याच्याकडं न बघता मला चहा टाकायला सांगितलं. चहा होईपर्यंत तो निघून गेला होता.

वर्षभर बोलणं बंद. मला कुणी अडवलं नाही, हे खरं. "तू जा की. पन मला त्या घरचं पानी नगं," एवढंच हे म्हणायचे. त्या दिवाळीला मी एकटी माहेरी गेले. भावानं ओवाळणी घातली, पण दाजी कसे आहेत हे विचारलं नाही. राखी मी आळेफाट्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत बांधली. तो मंचरहून एसटीनं आला होता. आईनं निरोप धाडला, "आता भाऊबीज व्हईल ती दोघं संगं आल्यावरच. एकटीनं यायचं असंल तर येऊ नगंस." आई माझ्यावर रागावली नव्हती. तिला लेकीचं एकटं येणं बघवत नव्हतं. पण माझ्यापुरता अर्थ एकच होता. माहेरचं दार आता त्या फळीवरच्या चिमट्याला टांगलेलं होतं.

नंबर बदलायची सोय होती. काकांनी दोघांनाही सांगून पाहिलं. हे म्हणाले, "मी का बदलू? चोर त्यो." भाऊ म्हणाला, "मी बदलला म्हंजी म्याच क्येलं व्हतं असं ठरंल." दोघंही बरोबर बोलत होते आणि दोघंही मूर्ख होते.

पुढचा दसरा आला. आमच्या घरी खंडेनवमीची अवजारांची पूजा हे स्वतः करायचे. माझा हात लागलेला चालत नसे. नांगराचा फाळ, विळे, कोयते, तारा गुंडाळायचं यंत्र, स्कूटर आणि सगळ्यांत मधे, पाटावर, तो सेट. हे एरियल पूर्ण बाहेर ओढायचे. म्हणायचे, शस्त्र म्यानातून काढल्याबिगर पूजा कसली? मग ओल्या हळदीकुंकवाची बोटं खालपासून शेंड्यापर्यंत, एकेक कांडं न चुकवता. वर झेंडूचं फूल. एवढं कौतुक त्यांनी माझंही कधी केलं नव्हतं, पण ते असो. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर एरियल पुन्हा आत दाबली आणि सेट पेटीत गेला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं, "औंदा तू चल. त्याच्या सेटपाशी बस."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं फोड करून सांगितलं. माझं विमान वर असेल तेव्हा त्याचा सेट तुझ्या मांडीपाशी, चिमटा तुझ्याकडं. बाकी कुणावर माझा भरवसा नाही, काकांवर पण नाही. विमान नीट उतरलं तर गेल्या साली त्यानंच पाडलं होतं हे सिद्ध झालं. पडलं तर मी त्याच्या पाया पडेन.

"मेव्हण्याच्या पाया?" मी म्हणाले.

"पडंन की. पडनारच न्हाई इमान."

मी भाकरी थापत होते. थापता थापता थांबले. विमान सुखरूप उतरलं तर माझा भाऊ कायमचा चोर. पडलं तर माझं माहेर उघडं, पण नवऱ्याचं वर्षभराचं काम मातीत. बायकोनं मागावं तरी काय? मी देवापुढं दिवा लावला आणि काहीच मागितलं नाही. मुद्दाम.

शनिवारी पठारावर गेलो. पुण्याहून आलेले परीक्षक काळे चष्मे लावून खुर्च्यांवर बसले होते. काळ्या चष्म्याच्या माणसाचे डोळे कुठं आहेत ते कळत नाही, म्हणून तेही मला आवडले नाहीत. भाऊ आणि भावजय एका बाजूला होते. ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा भाऊ स्वतःच उठला, आपला सेट आणून माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला.

"बस, ताई," तो म्हणाला. "बघ नीट."

त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी फळीवरून चिमटा काढला. रीतीनं तो ह्यांच्या एरियलला लागायचा, पण हे म्हणाले, "तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. माझी खात्री हाये." मी तो पदराला लावला. भाऊ परीक्षकांच्या समोर, सगळ्यांना दिसेल असा, दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. शाळेत मास्तर उभं करायचे तसा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

आणि खरं सांगते, त्याही वेळी मी त्याच्या हातांकडंच बघत होते. एकाच आईचं दूध प्यालेली माणसं आम्ही. पण संशय एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा ओसरीवर थोडाच थांबतो?

शनिवारचे खेळ सोपे, जवळच फिरवायचे. विमान सुरेख उडालं, सुरेख उतरलं. टाळ्या पडल्या. हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बघितलंस?" बस, एवढा एकच शब्द. मी भावाकडं पाहिलं. त्यानं हात सोडले होते, आणि तो मनगटं चोळत होता. भावजय माझ्याकडं न बघता डबा भरत होती. मला वाटलं, आई, आता काही मी येत नाही.

रविवारी वारा थोडा जास्त होता. पुन्हा सतरंजी, पुन्हा भावाचा सेट माझ्या गुडघ्याशी, पुन्हा चिमटा पदराला. भाऊ पुन्हा हात बांधून उभा. ह्यांचं विमान वर गेलं. रविवारी उंच न्यायचं, लांब न्यायचं, म्हणजे तिथून कोलांटी मोठी दिसते. मी आज विमानाकडं पाहत नव्हते. एक हात सेटवर ठेवून भावाकडं पाहत होते, आणि लोकांच्या माना वर कशा फिरतात ते बघत होते. मग सगळ्या माना एकदम थांबल्या. कुणीतरी "अरे, अरे" म्हणालं.

मी वर पाहिलं. विमान उलटं होतं. हे दांड्या ओढत होते. विमान थोडं सावरलं, पुन्हा वाकडं झालं आणि हुलग्याच्या रानात जाऊन पडलं. आवाज फार मोठा झाला नाही. ताट पडल्यासारखा झाला.

सगळे रानाकडं पळाले. मी उभी राहिले. भाऊ तिथंच होता, हात मागे, तोंड उघडं. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगू? सुटला! माझा भाऊ सुटला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आनंदाचं होतं. पदराला चिमटा होता, सेट माझ्या पायाशी बंद होता, ह्याला साक्षीदार मी होते. ह्याहून चोख साक्ष कुठल्या कोर्टात मिळाली असती?

हे विमानाकडं गेले नाहीत. माझ्याकडं आले. चालत आले, सावकाश. माझ्यासमोर वाकले आणि भावाच्या सेटवर तळवा ठेवला. मला वाटलं आता पाया पडायचं म्हणतायत. नाही. सेट गरम आहे का ते बघत होते.

मग वर बघून म्हणाले, "तू चालू क्येलास?"

मला ऐकू आलं, पण समजलं नाही.

"तुझा भाऊ हाये न्हवं," ते म्हणाले. "तुला त्याला सोडवायचा व्हता."

माझ्या डोळ्यांत पाणी होतंच. ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना तेच पुराव्यासारखं वाटलं असणार. आयुष्यात कुणापुढं गप्प न बसणारी मी, पदराचा चिमटा धरून उभी राहिले.

भाऊ आला. वर्षात पहिल्यांदा तो ह्यांच्या इतक्या जवळ आला असेल. "दाजी," तो म्हणाला, "माज्यावर वरीसभर घ्येतलं, म्या सोसलं. तिच्यावर घेऊ नगा." मग हात पुढं केला. "सेट द्या तुमचा."

"कशाला?"

"द्या तर."

ह्यांनी दिला. भावानं एरियल धरून हलवली. वरची कांडी सैल दातासारखी हलत होती. त्यानं एक कांडं आत दाबलं, पुन्हा ओढलं, आणि बोटं उलटी करून पाहिली. बोटं लाल झाली होती.

"हे काय?"

"दसऱ्याची पूजा," हे म्हणाले.

तोवर काका आले. त्यांनी एरियलची कांडी एकेक करून सुटी केली. प्रत्येक सांध्यात वाळलेलं हळदीकुंकू घट्ट बसलं होतं. एरियल आत-बाहेर केली की ते आणखी आत जायचं. धातूला धातू लागतच नव्हता. जवळ असेपर्यंत विमानाला ऐकू जायचं, लांब गेलं की नाही. काका म्हणाले, "गेल्या वर्षीही पूजा केली होती?" आणि मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही. पुण्याच्या दुकानदारानं एरियल पुसली होती, दोष त्याबरोबर पुसला गेला होता. म्हणून पुढं वर्षभर विमान नीट उडालं, थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

"तू न्हाई करत पूजा?" ह्यांनी भावाला विचारलं.

"करतो की. पेटीवर फूल ठिवतो."

मग हे हसायला लागले. असे हसले की खाली बसले. भाऊ हसला, काका हसले. हे खरोखरच भावाच्या पाया पडायला वाकले, त्यानं त्यांना वरच्या वर धरलं आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मग दोघं गळ्यात हात टाकून हुलग्याच्या रानाकडं विमानाचे तुकडे वेचायला गेले. मी सतरंजीपाशी उभी होते. भावजयीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "झालं ना ताई, मिटलं." मी म्हणाले, "हो. मिटलं."

त्या भाऊबीजेला आम्ही दोघं मंचरला गेलो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. हे जेवताना सगळी गोष्ट रंगवून सांगत होते. पूजा कशी केली, एरियल कशी हलली, भावाची बोटं कशी लाल झाली. सगळे पोट धरून हसत होते. गोष्टीत सगळं होतं. विमान पडल्यावर ते चालत कुणाकडं आले आणि काय म्हणाले, तेवढंच नव्हतं. भावानं ताटावरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली.

घरी परतताना वाटलं, आता बोलतील. आळेफाटा आला, घर आलं. ते म्हणाले, "लई बरं वाटलं आज." ते मनापासून म्हणाले. त्यांच्या बाजूनं सगळं संपलं होतं. भावावरचा आळ खोटा निघाला, तेव्हा माझ्यावरचा आपोआप खोटा निघाला, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकीचा आहे असं कुणी म्हणणार नाही. पण भावाला त्यांनी पाया पडून सोडवलं, आणि मला नुसतं विसरून.

मी त्यांना बोलून दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही. राग होता आणि तो राग कुणाला दाखवून हलका करायची माझी इच्छा नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आली. ह्यांनी नवं विमान बांधलं होतं, भावानं मागाहून नंबरही बदलून घेतला होता. राखण करायची गरजच उरली नव्हती. पण पठारावर ह्यांना चेष्टा सुचली. चारचौघांत फळीवरचा चिमटा काढून माझ्यापुढं धरला. "या, राखनदार बाई. बसा सेटपाशी. तुमच्याबिगर आमचं इमान उडत न्हाई."

सगळे हसले. मी चिमटा घेतला, पदराला लावला नाही. त्यांच्याच सदऱ्याच्या खिशाला लावून दिला.

"ज्याच्यावर भरवसा हाये त्याला बसवा," मी म्हणाले.

त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. मी वळले, भाऊ उभा होता तिथं गेले, आणि दोन्ही हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभी राहिले.